फाटकाजवळचा निवारा

यंदा पारितोषिक-समारंभास आलेल्या पालकमंडळींपैकीं पुष्कळांनीं आमच्या शाळेच्या फाटकाजवळची ती लहानशी वास्तु पाहून विचारलें, "हें काय उभारलें आहे? शिपायाची खोली, कीं पाणपोई?" एका गृहस्थांनीं तर भिंतींतील हिरव्या काचांकडे पाहून तें एखादें देऊळ असावें, असा तर्क केला. आम्ही त्या वेळीं पाहुण्यांच्या सरबराईंत गुंतलों होतों, त्यामुळें कोणासहि नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें उत्तर येथें लिहून ठेवीत आहों. तें दिसतें तितकें सरळ नाहीं. कारण जी वास्तु आपण पाहिलीत ती मुळांत तेथें व्हावयाची नव्हती, आणि जशी झाली तशीहि व्हावयाची नव्हती.

गोष्ट मागल्या वर्षींच्या पावसाळ्यापासून सुरू होते. आमच्या शाळेंत जव्हार-मोखाडें रस्त्यालगतच्या एका पाड्यावरून सहा मुलेंमुली एस.टी.नें येतात. पाडा रस्त्यापासून बराच आंत आहे, आणि जेथें गाडी थांबते त्या फांट्यावर ना झाड, ना छप्पर. जव्हारचा पाऊस आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फूट उंचीच्या या पठारावर साधारण वर्षीं शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि तोहि बहुतेक सारा चार महिन्यांत. गाडीस उशीर झाला म्हणजे हीं मुलें वर्गांत येत तीं निथळतच. दप्तर पोटाशीं धरून वह्या कशाबशा कोरड्या राखलेल्या असत, पण अंगावरचे कपडे शाळा सुटेपर्यंत सुकत नसत. त्यांतील दोघां लहानग्यांची तापामुळें आठ-आठ दिवस शाळा बुडाली. तेव्हां त्या फांट्यावर आपणच एक निवारा बांधावा, अशी कल्पना आमच्या वर्गांत निघाली. पैसा मात्र कोणापाशींच नव्हता. आमचे हस्तव्यवसायाचे गुरुजी म्हणाले, "पैसा नाहीं हें खरें, पण सामान किती आहे, तें कोणी पाहिलें आहे का?"

सामान पाहावयास निघालों तों आमचे डोळे उघडले. जव्हारला सहलीस येणारे लोक हनुमान पॉइंटवरून दऱ्या पाहतात, दाभोसा धबधब्याचे तुषार अंगावर घेतात, आणि परत जातांना पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, वेफर्सच्या पिशव्या व हिरव्या-तपकिरी कांचेच्या बाटल्या आमच्यासाठीं ठेवून जातात. यांत एक विचित्र गंमत आहे. मोखाडें तालुक्यांत कोचाळें गांवाजवळ वैतरणा नदीवर बांधलेलें मध्य वैतरणा धरण २०१४ सालीं कार्यान्वित झालें. त्याचें पाणी मुंबईस जातें. ज्या तालुक्यांत चैत्र-वैशाखांत बायकांना हंडे घेऊन विहिरीच्या तळाशीं उतरावें लागतें, त्याच तालुक्यांतून पाणी शहराकडे जातें, आणि शहराकडून पाण्याची बाटली, तीहि रिकामी, इकडे येते! असो. गाऱ्हाणें सांगण्याची ही जागा नव्हे. आम्हांस त्या वेळीं बाटल्या हव्या होत्या आणि त्या हव्या तितक्या मिळाल्या.

बाकीचें सामानहि हळूहळू दिसूं लागलें. शाळेची जुनी पडवी उतरविली होती, तिचीं मंगळुरी कौलें भिंतीमागें शेवाळत पडलीं होतीं. गॅरेजच्या मागें फाटलेले टायर होते. रस्त्याचें काम झाल्यावर टाकलेलीं डांबराचीं दोन पिंपें होतीं. मोडक्या बाकांचें सागवान तर आमच्या पायाखालचेंच होतें. माळ्यावर त्याची रास लागलेली होती. मंगळुरी कौलांविषयीं गुरुजींनीं सांगितलेली एक गोष्ट येथें नमूद करण्याचा मोह होतो. हीं कौलें यंत्रानें दाबून करण्याचा कारखाना बाझेल मिशननें १८६५ सालीं मंगळूरास काढला. तेथून तीं जहाजांनीं कोंकणच्या बंदरोबंदरीं गेलीं आणि पुढें आमच्यासारख्या डोंगरांतील गांवींहि पोंचलीं. एका चौरस मीटरला साधारण पंधरा कौलें लागतात. आम्ही हिशेब केला: तेरा फूट लांब व अकरा फूट रुंद छपरास दोनशें पुरेत. शेवाळ घासून, वाजवून पाहिल्यावर चांगलीं निघालीं दोनशें एकतीस. चांगलें कौल बोटानें वाजविलें असतां खणखणतें, तडकलेलें बद्द वाजतें, हें त्या दिवशीं आम्ही शिकलों. आणि मग आठवडाभर कोणाचीहि पाटी, ताट वा डोकें वाजवून पाहिल्यावांचून आम्हांस चैन पडेना!

बाटल्यांचें काम कंटाळवाणें निघालें. पाण्याच्या बाटलींत धुऊन वाळविलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या काठीनें ठासून भरावयाच्या, म्हणजे ती विटेसारखी टणक होते. लिटरभर पाणी मावणाऱ्या बाटलीचें वजन भरल्यावर ३३० ग्रॅमहून कमी असतां कामा नये; त्याहून कमी असली तर ती भाराखालीं चेपते. हा प्रकार आमच्या डोक्यांतून निघालेला नाहीं. मध्य अमेरिकेंतील ग्वाटेमाला देशांत या शतकाच्या पहिल्या दशकापासून अशा बाटल्यांच्या शाळा बांधल्या गेल्या, आणि आपल्याकडे दौलताबादजवळ दोन तरुणींनीं २०२१ च्या सुमारास सुमारें १६,००० बाटल्या वापरून घर उभें केलें. तेव्हां आमच्या सहाशें बाटल्यांचें कौतुक तें काय! तरी त्या भरण्यास आम्हांस नाताळच्या सुटीनंतरचे सारे शनिवार लागले. सर्वांत अधिक बाटल्या त्या पाड्यावरच्याच एका मुलानें भरल्या. त्याच्या हाताला काठीचे घट्टे पडले होते, आणि तो ते अभिमानानें दाखवीत असे.

फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही फांट्यावर चौथरा घातला. टायरांत मुरूम ठासून त्यांची एक ओळ मांडली, आणि पश्चिमेची भिंत रचण्यास घेतली. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून ती बाजू आधीं बंद करावी, हा आमचा विचार. बाटल्या आडव्या मांडावयाच्या, वर चिखल थापावयाचा, पुन्हां बाटल्या. दोन दिवसांत भिंत आमच्या छातीला लागली. आम्ही तिच्यापाशीं उभें राहून छायाचित्रें काढलीं, तीं मुख्याध्यापकांना दाखविलीं, आणि ज्यांनीं काम केलें नव्हतें तेहि छायाचित्रांत आले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यांत एका रात्रीं अवकाळी सर आली. ती अर्धा तासहि टिकली नसेल. सकाळीं जाऊन पाहतों तों भिंत रस्त्याच्या बाजूस पसरलेली, चिखल वाहून गेलेला, आणि बाटल्या उतारावरून घरंगळत थेट ओढ्यापर्यंत पोंचलेल्या. जो कचरा आम्ही दाभोशाहून उचलून आणला होता, तो आम्हींच आतां पाड्याच्या ओढ्यांत टाकला होता.

चूक उघड होती. प्लॅस्टिक गुळगुळीत, त्याला ओला चिखल धरीत नाहीं. बाटल्यांच्या माना एकमेकींस बांधावयास हव्या होत्या, चिखलांत भाताचा तूस व पेंढा मिसळावयास हवा होता, आणि भिंतीवर छप्पर नसतां तिला उघड्यावर सोडावयास नको होतें. पण हें सारें आम्हांस मागाहून समजलें. त्या सकाळीं आम्ही ओढ्यांत उतरून बाटल्या वेंचीत होतों, तोंच पाड्यावरचे एक आजोबा काठी टेकीत आले व काठावर बसले. बाटल्या भरणाऱ्या आमच्या मित्राचे ते सख्खे आजोबा. बराच वेळ त्यांनीं आमच्याकडे नुसतें पाहिलें. मग विचारलें, "हें कोणासाठीं चाललें आहे?"

"आपल्या पाड्याच्या मुलांसाठीं, आजोबा."

"बरें. तुमच्या शाळेच्या फाटकापाशीं असलें एक आहे का?"

"नाहीं."

"मग आमच्या दारांत आधीं कां?"

ते आपल्या बोलींत बोलले. येथें आम्ही फक्त रोख दिला आहे. आवाजांत राग नव्हता, आणि म्हणूनच तें अधिक लागलें. पुढें ते म्हणाले, कीं त्यांच्या उभ्या आयुष्यांत बाहेरून पाड्यावर जें आलें तें बहुधा दुसऱ्याला नको असलेलें आलें: उसवलेले कपडे, किडका तांदूळ, मुदत संपलेलीं औषधें. देणाऱ्यांचा हेतु चांगलाच होता. आतां त्यांच्या नातवंडांनीं कचऱ्याच्या घरांत उभें राहावयाचें. इतकें बोलून त्यांनीं ओढ्यांतून घरंगळत आलेली एक बाटली काठीनें आमच्याकडे ढकलली. आमचा तो मित्र मान खालीं घालून उभा होता. त्याच्या हातावरचे घट्टे आम्हांस त्या क्षणीं फार जुने वाटले.

खरें सांगावयाचें तर परत येतांना आमच्यांतील कांहीं जण रागावले होते. चांगलें करावयास जावें तर हें ऐकावें लागतें, असें कोणी म्हणालें. आणि आज तें वाक्य लिहितांना लाज वाटत असली, तरी तें बोललें गेलें हें खोडून टाकणें बरें नव्हे. गुरुजींनीं त्यावर उपदेश केला नाहीं. ते एवढेंच म्हणाले, "त्यांनीं तुम्हांस प्रश्न विचारला आहे. रागावणें हें कांहीं त्याचें उत्तर नव्हे."

पुढल्या आठवड्यांत ते हस्तव्यवसायाच्या तासाला नकाशे-चित्रें घेऊन आले, आणि अशाच तऱ्हेचें काम इतरत्र कोणीं कसें केलें तें आम्ही पाहिलें. अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत हेल नांवाचा एक गरीब परगणा आहे. तेथें ऑबर्न विद्यापीठाचे अध्यापक सॅम्युएल मॉकबी व डी. के. रूथ यांनीं १९९३ सालीं 'रूरल स्टुडिओ' सुरू केला. वास्तुशिल्पाच्या विद्यार्थ्यांनीं नुसते नकाशे न काढतां त्या परगण्यांत जाऊन राहावें, लोकांशीं बोलावें आणि स्वतःच्या हातांनीं बांधावें, ही त्याची रीत. एका विद्यार्थ्यानें काँक्रीटचे फुटके तुकडे व रंगीत बाटल्या यांतून एका वृद्ध दांपत्याच्या घराशेजारीं मांस धुरावण्याची खोली बांधली. २००० सालीं मेसन्स बेंड या वस्तींत चार विद्यार्थ्यांनीं भंगारांतील मोटारींच्या ऐंशी पुढच्या कांचा मिळवून सभागृहाचें छप्पर व भिंत केली. तिचें चित्र पाहिलें तर ती भंगाराची आहे हें सांगितल्यावांचून कळत नाहीं. माशाच्या खवल्यांसारखी ती चकाकते. गरिबाच्या घरालाहि सौंदर्य असलेंच पाहिजे, हा मॉकबी यांचा आग्रह होता.

दुसरें चित्र इंग्लंडमधील ब्रायटन शहरचें. तेथील विद्यापीठानें विद्यार्थी व उमेदवार कारागीर यांच्या हातून २०१४ सालीं एक दुमजली घर पुरें केलें. भिंतींच्या पोकळींत सुमारें २०,००० वापरलेले टूथब्रश, जीनच्या कापडाचे कपटे, जुन्या चित्रफितींच्या पेट्या, आणि बाहेरून गालिच्याच्या जुन्या चौकटी उलट्या ठोकलेल्या. टूथब्रशांवर आम्ही पोटभर हंसलों. मग कोणीतरी विचारलें, "हें घर कोठें बांधलें?" गुरुजी म्हणाले, "विद्यापीठाच्या स्वतःच्याच आवारांत." आणि वर्ग एकदम शांत झाला.

तेथेंच निर्णय ठरला. निवारा आधीं आमच्या फाटकापाशीं बांधावयाचा. एक पावसाळा त्यांत आम्हीं स्वतः उभें राहावयाचें. तो टिकला, आणि पाड्याच्या लोकांना हवासा वाटला, तरच पुढची गोष्ट. मुख्याध्यापकांची परवानगी मिळण्यास थोडा वेळ लागला. फाटक हें शाळेचें तोंड, तेथें बाटल्यांची भिंत कशी दिसेल, अशी शंका निघाली. ज्याची शोभा आपल्या दारीं वाटत नाहीं तें दुसऱ्याच्या दारीं कसें न्यावें, हें आम्हीं अदबीनें, पण सांगितलें.

एवढ्यानें बांधकाम शिकतां येत नाहीं. म्हणून एका रविवारीं आम्ही आठ जण आजोबांच्या घरीं गेलों. त्यांनीं आम्हांस ओटीवर बसविलें, नागलीची भाकर व चटणी दिली, आणि मग घर दाखविलें. आमच्या भागांतील जुनें घर कुडाचें असतें. कारवीच्या काठ्या उभ्या रोवून आडव्या कामट्यांनीं बांधतात, आणि दोन्हीं अंगांनीं शेणामातीचा गिलावा करतात. कारवी ही आपल्या डोंगरांत दाट वाढणारी वनस्पति; सात-आठ वर्षांनीं एकदांच सारी टेकडी जांभळी करून फुलते आणि मग वाळते. आजोबा मधल्या खांबापाशीं थांबले व त्यांनीं त्यावर आमचा हात ठेवला. खांबाच्या मध्यावर एक खोबण होती, तिच्यांत कांहींच बसविलेलें नव्हतें. वर हातभर अंतरावर आणखी एक. त्यांनीं सांगितलें, कीं हा खांब त्यांच्या आजाच्या घराचा. तें घर उतरविलें तेव्हां बापानें तो आपल्या घरास लावला. एक खोबण त्या घराच्या तुळईची, दुसरी याच्या. तिसरी खोबण, जी आज तुळई धरून आहे, ती त्यांनीं स्वतः पाडलेली. तीन घरें पाहिलेला तो खांब होता. आम्ही आमच्या सामानाला 'टाकाऊ' म्हणत होतों. त्या घरांत हा शब्द आम्हांस एकदांहि ऐकूं आला नाहीं.

आंतल्या खोलींत भिंतीवर फडक्यांत गुंडाळलेला एक मुखवटा टांगला होता. आमच्या जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो, हें येथल्या वाचकांस सांगणें नको. परंतु घाटावरून वसतिगृहांत आलेल्या मित्रांसाठीं लिहितों, कीं होळीनंतरच्या दिवसांत रात्रभर देवदेवतांचीं सोंगें वाजतगाजत मशालींच्या उजेडांत नाचवितात, आणि अमुक सोंग अमुक घराण्याचें असा मान पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. आजोबांनीं फडकें सोडलें. मुखवटा कागदाच्या लगद्याचा होता. रंग नवा, पण मागल्या बाजूस, जेथें रंग लागला नव्हता, तेथें वर्तमानपत्राचीं अक्षरें अजून वाचतां येत होतीं. आमच्यांतील एकानें तीं वाचण्यास तोंड उघडलें. आजोबा म्हणाले, "रद्दीचाच आहे. पण रद्दी म्हणून कोणी नाचवीत नाहीं." त्यांनीं मुखवटा पुन्हां गुंडाळला, त्याला हात जोडले, आणि बाहेर येऊन आम्हांस कारवी कशी बांधतात तें दाखविलें.

त्यानंतर ते मे महिन्यांत अकरा वेळां शाळेंत आले. एस.टी.चें भाडें आम्हीं देऊं केलें तें त्यांनीं घेतलें नाहीं. चहा मात्र तीन वेळां घेत.

दुसरी वास्तु पहिलीहून निराळी झाली. आधीं खांब, मग छप्पर, आणि सर्वांच्या शेवटीं भिंती, हा पहिला धडा. बाकांचें सागवान जोडून वांसे व रिपा केल्या. खांबांचीं बुडें जाळून कोळशासारखीं केलीं व गॅरेजमधील काळें तेल पाजलें, म्हणजे वाळवी लागत नाहीं. वळचण दीड हात बाहेर काढली. डांबराचीं पिंपें कापून ठोकून त्यांचे पत्रे आढ्यावर घातले. पश्चिमेस कुडाची भिंत. तिच्यासाठीं कारवी आजोबांनीं आपल्या उतरविलेल्या गोठ्याची दिली. बाटल्या फक्त बसण्याच्या कट्ट्यांत व उत्तरेच्या बुटक्या भिंतींत घातल्या, माना तारेनें बांधून, आणि त्यांवर दोन बोटें जाड गिलावा केला. कारण उघडें प्लॅस्टिक उन्हानें ठिसूळ होतें आणि त्यास आगीचें भय असतें. कांचेच्या बाटल्या पूर्वेच्या भिंतींत बसविल्या. सकाळच्या पहिल्या तासापूर्वीं तेथें जाऊन पाहा. जमिनीवर हिरवे ठिपके पडतात, आणि बालवर्गाचीं मुलें ते पायानें पुसूं पाहतात. सर्व मिळून विकत घेतलें तें एवढेंच: खिळे, तार आणि एक पोतें सिमेंट. आठशें चाळीस रुपये.

याच दिवसांत गुरुजींनीं लॉरी बेकर यांची गोष्ट सांगितली. हे इंग्रज वास्तुशिल्पी दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत चीनमधून मायदेशीं जातांना बोटीची वाट पाहत मुंबईस अडकले आणि तेथें त्यांची महात्मा गांधींशीं गांठ पडली. घर पांच मैलांच्या आंत मिळणाऱ्या सामानाचें असावें, हा गांधीजींचा विचार बेकर यांच्या मनांत रुजला. पुढें १९४५ सालीं ते कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या मिशनच्या कामावर हिंदुस्थानांत आले, आणि २००७ मध्यें केरळांत वारले तोंवर त्यांनीं स्वस्त व सुंदर घरें बांधलीं. स्लॅबच्या खालच्या भागांत, जेथें काँक्रीट नुसतेंच वजन वाढवितें, तेथें ते फुटकीं मंगळुरी कौलें भरीत. आम्हीं नकाशावर शाळेभोंवतीं पांच मैलांचें वर्तुळ काढलें. दगड, मुरूम, माती, कारवी, बांबू. आणि बाटल्या. गांधीजींच्या काळीं या वर्तुळांत बाटल्या नव्हत्या. आज त्या आहेत, हें नाकारून कसें चालेल?

मग पाऊस आला. जूनच्या पहिल्या पंधरवड्यांत आढ्याजवळ गळलें, तें चढून नीट केलें. जुलैंत कुडाच्या बुडाशीं वीतभर गिलावा पागोळ्यांच्या उडणाऱ्या पाण्यानें धुपला. तेथें ओहळांतील गोटे रचले. सर्वांत लाजिरवाणी चूक टायरांची. बाहेरच्या बाजूस दोन टायर आम्हीं बसण्यासाठीं रिकामे ठेवले होते. एके दिवशीं विज्ञानाच्या तासाला त्यांतील पाणी सूक्ष्मदर्शकाखालीं नेलें, तों डासांच्या अळ्या वळवळत होत्या! मुलांना तापापासून वांचविण्यासाठीं आरंभलेल्या घरांत आम्हीं तापाचीच पैदास चालविली होती. त्याच दिवशीं ते टायर मुरुमानें गच्च भरले. ऑगस्टांत चार दिवस झड लागली होती, तेव्हां आम्ही पाळीपाळीनें आंत उभे राहिलों. पश्चिमेकडून एक थेंबहि आंत आला नाहीं. सप्टेंबर संपला तेव्हां खांब सरळ होते.

ऑक्टोबरांत आजोबांबरोबर पाड्यावरचीं आठ-दहा माणसें आलीं. त्यांत बायकाहि होत्या. त्यांनीं कौलें खालून पाहिलीं, कट्ट्यावर बसून पाहिलें, गिलाव्यावर नख ओढून पाहिलें. आम्ही परीक्षेला बसल्यासारखे रांगेनें उभे होतों. नंतर ते आपसांत बोलले, आणि आजोबांनीं निकाल सांगितला. निवारा हवा, पण तो पाडा स्वतः बांधील. जागाहि आमची नको. आम्ही निवडलेली जागा उताराची होती, पाणी तेथेंच जमतें, हें आम्हांस सोडून सर्वांस ठाऊक होतें! कुड, वळचण, पिंपाच्या पत्र्याचें आढें, जाळलेलीं बुडें, हें सारें घेऊं. प्लॅस्टिकच्या बाटल्या नकोत. "आमच्या पाड्यावर एक कट्टा भरेल इतका कचराच निघत नाहीं," एक बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदांच सर्वजण हंसले. आमची उरलेलीं एकतीस कौलें त्यांनीं नेलीं; तीं फुकट घेतलीं नाहींत, बदल्यांत शाळेच्या बागेसाठीं बांबूचे चाळीस दांडे दिले.

दिवाळीच्या सुटींत तें काम झालें. आम्हांस बोलावणें होतें, तें मदतीचें. चिखल तुडविणें आणि कौलें वर देणें एवढें काम आमच्याकडे आलें. आमचा तो मित्र आजोबांच्या हाताखालीं कुड बांधीत होता. त्यानें एकदांहि आमच्याकडे मान वर करून पाहिलें नाहीं, इतका तो कामांत होता.

भिंत लिंपून होत आली तेव्हां त्याची आजी पुढें आली आणि आमच्याजवळ हिरव्या कांचेच्या बाटल्या उरल्या आहेत का, असें तिनें विचारलें. तीन होत्या. ज्या बाजूनें मोखाड्याची गाडी येते त्या बाजूच्या भिंतींत, लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, तिनें त्या स्वतः बसविल्या व भोंवतीं ओल्या गिलाव्यावर बोटांनीं माती सारखी केली. हें कशासाठीं, तें त्या वेळीं आम्हांस समजलें नाहीं. थंडीच्या दिवसांत पहाटेची गाडी धरणाऱ्या मुलांनीं मग सांगितलें. वळणावर गाडीचे दिवे वळले, कीं आवाज ऐकूं येण्याच्या आधींच त्या तीन बाटल्या अंधारांत पेटल्यासारख्या हिरव्या होतात, आणि सर्वांत धाकटी मुलगी कट्ट्यावरून उडी मारून ओरडते, "आली!"